चिमटा तापत नाही

१४ ऑक्टोबर १९९६, सोमवार

ह्यांच्या ऑफिसची ही डायरी जानेवारीपासून टेलिफोनखाली कोरी पडून होती. आजपासून मी लिहिणार आहे, आणि हौस म्हणून नाही. माझ्या पार्लरमध्ये काहीतरी चाललंय. ते तारीखवार लिहून ठेवलेलं बरं, म्हणजे उद्या कोणी मला खोटं पाडायला नको.

तर आज चिमटा तापेना.

चिमटा म्हणजे केस कुरळे करायची विजेची टाँग. धाकट्या भावाने, नीरजने, दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून आणून दिली. मुठीवर एक ते आठ आकड्यांची चकती आहे. मयूर विहारमध्ये आता प्रत्येक सोसायटीत एक पार्लर झालंय, पण अस्सल सिंगापूरचा चिमटा फक्त आमच्या 'भानूज'मध्ये, म्हणजे आमच्याच फ्लॅटच्या पुढच्या खोलीत. दोन वर्षं मला चारचा आकडा पुरला. मध्यंतरी पाच लागायला लागला. आज सहावर लावला तेव्हा कुठे बोटाला ऊब कळली.

बोटाने बघायची पद्धत मला लाजपतनगरच्या मिसेस डिकॉस्टांनी शिकवली. डाव्या हाताची दोन बोटं नळीजवळ न्यायची, टेकवायची नाहीत, आणि मनात मोजायचं. तीन म्हणेपर्यंत बोटं आपोआप मागे आली पाहिजेत. एकलाच आली तर केस जळणार. पाच झाले तरी आली नाहीत तर बट वळणार नाही. चकतीवर त्यांचा विश्वास नव्हता. बोट खोटं बोलत नाही, म्हणायच्या. माझाही त्यावरच विश्वास आहे, दिल्लीत दुसऱ्या कशावर ठेवणार?

हाताखालची मुलगी प्रणिता शेजारीच उभी होती. म्हणाली, "मॅडम, गरम आहे. बिल्कुल गरम आहे." मी तिच्याकडे बघितलं आणि चकती सहावर नेली. हिला एवढी घाई कशाची?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मिसेस सब्बरवालच्या केसांची टोकं झाडूसारखी झाली. वास आला म्हणे. मला तर काही आला नाही, सर्दी आहे. "भानूजी, ये क्या कर दिया," असं तीनदा म्हणाली आणि जाताना जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं चौथ्यांदा म्हणाली.

आज प्रणिता नव्हती. फरीदाबादहून येते, तिची बस बदरपूरला बंद पडली असं तिचं म्हणणं. ती आली तेव्हा सब्बरवाल गेलेली होती. टोपलीतले जळके केस तिने उचलून बघितले आणि विचारलं, "कितीवर लावला होता?"

मी सांगितलं, "सहा. तुझ्यासमोर लावते तेवढाच."

ती गप्प बसली. ही मुलगी गप्प बसली की मला भीती वाटते. एरवी तिचं तोंड थांबत नाही. बाप तिथल्या एका कारखान्यात फोरमन, घरी मराठी बोलतात, पण हिला 'विंचरणे' शब्द माहीत नव्हता, 'कंघी करते' म्हणायची. सहा महिने शिकवलंय मी तिला. तिला मी 'मॅडम'च म्हणायला लावते. काकू म्हटलं की गिऱ्हाइकं घासाघीस सुरू करतात.

डाव्या हाताच्या मधल्या बोटाला फोड आलाय. कशाने ते आठवत नाही. सकाळी पोळ्या करताना तवा लागला असेल.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मंगळवारी पार्लर बंद. दिल्लीत मंगळवारी केसाला कात्री लागत नाही, तेवढीच मला सुटी. करोलबागेत जाऊन आले. एका गल्लीत दुकानदाराने माझ्यासमोर चिमटा ठेवला. हुबेहूब माझा. तोच निळा रंग, तीच चकती, सिंगापूरचा शिक्कासुद्धा. मी म्हटलं, ओरिजिनल आहे का? तर हसून म्हणाला, "मॅडम, ओरिजिनल जैसा है. महीना भर तो पता ही नहीं चलेगा."

महिनाभर कळणार नाही. मला चारऐवजी पाच लावावा लागायला लागून किती दिवस झाले? महिनाच. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं. खरा चिमटा फरीदाबादला गेला आणि त्याच्या जागी हा ड्युप्लिकेट आला.

आणखी एक प्रकार. बसमधून उतरून सोसायटीच्या गेटपर्यंत आले तर चौकीदार म्हणतो, "मैडम, आपकी चप्पल?" डाव्या पायात चप्पलच नव्हती. बसमध्येच राहिली असणार. एवढं अंतर चालून आले आणि पत्ता नाही. टाचेला खडा रुतलेला. ह्यांना सांगितलं तर हसले. मला मात्र वाटतं गर्दीत कोणीतरी मुद्दाम पाय ठेवून काढली. एका पायाची चप्पल चोरून कोणाला काय मिळणार, असं हे विचारतात. दिल्लीतल्या लोकांचं ह्यांना काही माहीत नाही. ह्यांचं सगळं आयुष्य फायलींत गेलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

चिमट्याच्या मुठीखाली लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिलाय. आता बदलून दाखवा म्हणावं. ठिपका दिल्यावर लक्षात आलं की अदलाबदल आधीच झाली असेल तर मी ड्युप्लिकेटलाच खूण करून ठेवली. असो.

पण आज दुसरंच सापडलं. माझी कामाची रीत अशी: मी चिमटा तापवते, बोटाने बघते आणि प्रणिताच्या हातात देते. मग इंचभर रुंदीची बट सोडवते, विंचरते, टाळूशी आडवा कंगवा धरते म्हणजे कातडीला चटका बसत नाही. एवढं झालं की हात मागे करते आणि ती चिमटा हातात ठेवते. आज काम संपल्यावर सहज चकतीकडे नजर गेली. चारवर होती. मी सहावर लावली होती, शपथेवर सांगते.

विचारलं तर म्हणाली, "धक्का लागला असेल, मॅडम."

आणि बट मात्र सुरेख वळली होती. चारच्या आकड्यावर. म्हणजे काय समजायचं?

३ नोव्हेंबर, रविवार

समजलं. ती असते तेव्हा चिमटा नीट चालतो, नसते तेव्हा बिघडतो. तिला हेच हवंय. सगळ्या मयूर विहारला वाटलं पाहिजे की भानुमती कारखानीसला प्रणिताशिवाय काही जमत नाही. मग एक दिवस गिऱ्हाइकं घेऊन स्वतःचं दुकान थाटायचं.

फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्याही दुपारपर्यंत रिकाम्या होतात. मी भरते आणि कोण पितं? हे म्हणतात, "तूच पितेस. बाजूला पेला असतो सारखा." बाथरूममध्ये मुंग्या झाल्यात, त्याचंही ह्यांनी काहीतरी भलतंच काढलं. म्हणाले, एकदा रक्त तपासून घे, तुझ्या आईला साखर होती. मला माहीत आहे ह्यांना काय हवंय. पुढची खोली हवीय. केबल आल्यापासून नवा टीव्ही तिथे ठेवायचं ह्यांच्या मनात आहे. मी आजारी ठरले की पार्लर बंद आणि हे तिथे पाय पसरून क्रिकेट बघायला मोकळे. मी चक्क सांगितलं, मला काही झालेलं नाही. हे पेपर घेऊन आत गेले.

आज मात्र खरी आनंदाची गोष्ट. अहिल्या चौबळ आल्या होत्या. पूर्वी आमच्याच सोसायटीत राहायच्या, आता गुडगावच्या नव्या वसाहतीत स्वतंत्र घर बांधलंय. त्यांची निधी पंजाबी मुलाशी लग्न करतेय. आठ डिसेंबरला रिसेप्शन, आणि तिला टीव्हीवरच्या मुलींसारख्या खांद्यावर सुटलेल्या बटा हव्यात. अहिल्याबाई म्हणाल्या, "भानू, तिकडे सगळी नवी मंडळी आहेत आणि एकही धड पार्लर नाही. हे काम नीट झालं की आमच्या मार्केटमधला गाळा तुला मिळवून देते."

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला दुकान देऊ करतंय, फ्लॅटची पुढची खोली नव्हे, पाटी असलेलं दुकान. मला रडूच आलं. प्रणिता पडद्यामागे पिना पुसत होती. सगळं ऐकलं तिने.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी झाली. करंज्या तळताना तेल उडालं असणार, डाव्या हातावर दोन नवे फोड. ब्लाउजचे हूक लावायला हल्ली वेळ लागतो, बोटांवर पातळ हातमोजा चढवल्यासारखं वाटतं. थंडी यंदा लवकर पडलीय.

माळ्यावरून शेकायची रबरी पिशवी काढली. आईची आहे. ह्याच पिशवीने तिचा पाय भाजला आणि पुढे अंगठा कापावा लागला. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, अगं, पाणी कोमटच होतं. पण तिची गोष्ट वेगळी, ती सत्तरीची होती आणि तिला साखर होती.

प्रणिता माझ्या हाताकडे बघत होती. मी पदराखाली घेतला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निधीची ट्रायल. इतकं चांगलं काम माझ्या हातून वर्षात झालं नव्हतं.

केस धुऊन पूर्ण वाळवून घेतले. ती तेल लावून आली होती, आजीने लावलं म्हणे. तेलावर चिमटा लावला की केस तळले जातात, म्हणून दोनदा शाम्पू. मग मानेपासून सुरुवात. बट टोकाकडून गुंडाळायची, चेहऱ्यापासून दूर वळवायची, आठ मोजायचे. निधीचे केस बारीक, म्हणून सहापर्यंतच मोजले. मग चिमटा ओढायचा नाही, पकड सोडून नळी हळूच सरकवून काढायची आणि गरम वेटोळं तळहातावर झेलून तसंच पिनेने डोक्याशी बसवायचं. थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. नवीन मुली इथेच चुकतात. वेटोळं बघायची घाई करतात आणि बट सुटून सरळ होते. केस वळतात उष्णतेने, पण वळण टिकतं ते थंड होताना.

शेवटी सगळ्या पिना काढल्या, बोटांनी मोकळं केलं. निधी आरशात बघून हसत सुटली.

अहिल्याबाईंनी प्रणिताच्या पाठीवरही हात फिरवला. "गुणी आहे हो मुलगी," म्हणाल्या. मला ते अजिबात आवडलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रणिता पाणी भरायला आत गेली तेव्हा मी तिची पर्स उघडली. हो, उघडली. माझं पार्लर आहे, माझा चिमटा चोरीला गेलाय.

चिमटा नव्हता. शंभर पानी वही होती. तिच्या अक्षरात, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. वाचून माझं डोकंच सटकलं. इथे उतरवून ठेवते.

'मिसेस भाटिया. मॅडमनी ६ लावला. मी ४ केला. ठीक.'

'वर्मा आंटी. ६ होता. ४ केला. ठीक.'

'सब्बरवाल. मी लेट. ६ वरच केलं. केस जळले.'

'निधी ट्रायल. ७ लावला होता!! ३ केला. बढिया.'

आणि मध्येमध्ये हे: 'मॅडमच्या बोटाला फोड.' 'दुसरा फोड.' 'आज तिसरा.'

म्हणजे मी लावलेला आकडा ती माझ्या पाठीमागे बदलत होती, रोज, आणि त्याचा हिशेब ठेवत होती. माझ्या हातांवर पाळत ठेवत होती! कोणाला दाखवायला? अहिल्याबाईंनाच, दुसरं कोण.

ती बादली घेऊन आली. मी वही तिच्यासमोर धरली. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मॅडम, मी सांगणारच होते. तुम्ही रागावता म्हणून…"

मी म्हटलं, "माझ्या कामात ढवळाढवळ करायला तुला मी शिकवलं? उद्यापासून येऊ नकोस."

ती म्हणाली, "चिमटा ठीक आहे, मॅडम. पहिल्यापासून ठीक आहे."

"मग काय बिघडलंय?"

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. पर्स उचलून निघून गेली. वही माझ्याकडेच राहिली. राहू दे, पुरावा आहे.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ वही चाळत बसले आणि म्हणाले, "भानू, ह्या मुलीला परत बोलाव." ह्यांनासुद्धा फितवलंय.

९ डिसेंबर, सोमवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं. डावा हात पट्टीत आहे. लिहायचा उजवा ठीक आहे.

चौबळांची गाडी सकाळी न्यायला आली. गुडगावला पोहोचले तेव्हा बारा वाजले होते. नवं घर, भिंतींना अजून रंगाचा वास. निधीच्या खोलीत मोठा आरसा. मी एकटीच. बाहेर मांडववाल्यांची ठोकाठोक चालली होती.

केस वाळवले, भाग पाडले. चकती सहावर लावली आणि बोटं नेली. एक, दोन, तीन, चार, पाच. काही नाही. मनात म्हटलं, इथला करंटही मेला कमी दाबाचा. सातवर केली. पुन्हा बोटं नेली आणि मोजायला लागले.

आरशातून निधी माझ्याकडे बघत होती. ती अगदी हळू म्हणाली, "मावशी, तुमची बोटं नळीला टेकलीयेत."

मी खाली बघितलं. दोन्ही बोटं नळीवर होती, पोळी दाबावी तशी. कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. मी तेव्हा सातपर्यंत आले होते आणि आठ म्हणणार होते.

निधीने प्लग काढला. मला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं आणि हात नळाखाली धरला. पाणी डिसेंबरचं, गार असणार. मला फक्त पाणी पडताना दिसत होतं. मी तिथे पालथ्या बादलीवर बसले आणि मला आई आठवली. पाणी कोमटच होतं, म्हणायची. आम्ही सगळे तिला म्हणायचो, असं कसं कळत नाही गं तुला?

मला रडू आलं नाही. मला फक्त त्या मुलीचे केस दिसत होते. नळीवर बोटांऐवजी बट असती तर?

मग मी फोन केला. प्रणिताकडे फोन नाही, शेजाऱ्यांचा नंबर आहे. बाईने तिला हाक मारेपर्यंत काय बोलायचं ते ठरवत होते. ती आली आणि मी म्हटलं, "प्रणिता, चिमटा ठीक आहे." ती म्हणाली, "मी येते. त्यांना म्हणावं गाडी पाठवा."

तीन वाजता आली. हात धुतले, कंगवा घेतला, चकती तीनवर लावली, आपली दोन बोटं नळीजवळ नेली. तीनला मागे आली. मी बघत होते. सगळी डोई तिने एकटीने केली. मी खुर्चीत बसून उजव्या हाताने पिना देत होते. एकदाच चुकली, उजव्या कानामागची बट चेहऱ्याकडे वळवली. मी सांगितल्यावर सोडवून परत केली.

सहा वाजता निधी खाली गेली. अहिल्याबाई वर आल्या, माझी पट्टी बघितली, सगळं ऐकलं. गाळ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

परत येताना गाडीत प्रणिता म्हणाली, "तुम्ही माझी पर्स उघडली. ते मी विसरणार नाही."

मी म्हटलं, "विसरू नकोस." पिशवीतली वही तिला दिली. ती उघडून, गाडीच्या हेलकाव्यात, तिने काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

हे मला डॉक्टरकडे घेऊन गेले. साखर तीनशे चाळीस. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, कापूस जिथे लागेल तिथे 'हाँ' म्हणा. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली.

मी हाँ म्हणत गेले. हाँ. हाँ. हाँ.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मैडम, अभी तो मैंने छुआ ही नहीं है."

डोळे उघडले. कापूस त्यांच्या हातात होता. मी अंदाजाने सांगत होते, आणि पास होण्यासाठी खोटं बोलत होते, कोणाशी ते मला कळत नव्हतं. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझी पर्स उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि खिडकीकडे बघत बसले. टीव्हीचं मी ह्यांच्याबद्दल उगाच लिहिलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

प्रणिता आली. दारातच म्हणाली, "एक अट आहे. चिमटा मी धरणार. नुसत्या पिना नाही देणार." मी हो म्हटलं. खरं तर दुसरं काय म्हणणार होते? पण मनापासून म्हटलं.

अकरा वाजता वर्मा आंटी आल्या. मी बट सोडवली, विंचरली, टाळूशी कंगवा धरला. उजव्या हाताला अजून थोडं कळतं, डॉक्टर म्हणाले सांभाळलं तर तेवढं राहील. प्रणिताने चिमटा तापवला. चकती चारवर. मला तो अजिबात तापलेला वाटत नव्हता. नळीकडे बघून मला आतून खात्री होती की गार आहे.

तिने बोटं जवळ नेली, मागे घेतली.

"काकू, गरम आहे," ती म्हणाली.

मी चकतीला हात लावला नाही.